मुक्काम एक, वाटा वेगळ्या

पत्राचा सारांश : ऐरोलीहून लिहिणाऱ्या या ताई ४८ वर्षांच्या, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम बघतात. घरात चौघं. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी येतेय, तेव्हा दोन दिवस डोंगरात जायचं इथपर्यंत सगळ्यांचं ठरलं; पुढचं काहीच ठरत नाही. मुलगा २० वर्षांचा, कॉलेजच्या ग्रुपबरोबर भटकणारा. त्याला हरिश्चंद्रगडच हवा. ‘माथेरान म्हणजे काय ट्रेक आहे का?’ असं तो विचारतो. मुलगी १४ वर्षांची. तिनं रील बघितलंय, तिला काजवे बघायचेत. यजमान ५४ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. त्यांना लोणावळ्याचं रिसॉर्ट पुरे, कारण ‘डोंगर खालूनच छान दिसतो’. ताई स्वतः कॉलेजात असताना माहुली आणि पेठचा किल्ला चढल्या होत्या; लग्नानंतर डोंगर सुटला तो सुटलाच. त्या विचारतात : मी मुलाला समजावू की यांना? वेळ पडली तर मी यांच्यासोबत खाली थांबेन, पण निदान सगळे एकत्र जाऊ, असं एखादं ठिकाण सुचवाल का?

ताई,

मुलाला समजावू नका आणि यजमानांनाही नको. चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. अडलंय ते तुमच्या एका अटीपाशी. एकत्र जायचं म्हणजे चौघांनी एकाच वाटेनं, एकाच वेगानं, एकाच माथ्यावर पोचायचं, असं तुम्ही धरून चालला आहात. घरात तरी असं कुठे असतं? रविवारी सकाळी एक जण लोळत पडलेला, एक क्लासला गेलेली, एक भाजी आणायला. दुपारी पानावर मात्र सगळे हजर. डोंगरातही एवढं एकत्र असणं पुरतं. मुक्काम एक ठेवा, चालायच्या वाटा वेगळ्या होऊ द्या आणि जेवायला भेटायची वेळ पक्की करा. असं जमणारी ठिकाणं ठाणे-नवी मुंबईपासून चार तासांच्या आत आहेत. त्यांच्याकडे येतेच, पण आधी तुमच्या पत्रातल्या काही गोष्टींबद्दल बोलू.

पहिली गोष्ट तारखेची. १५ ऑगस्टची जोडून सुट्टी तुम्हाला आली तशी ती ठाणे, कल्याण, पुणे, नाशिक सगळ्यांनाच आली. त्या दोन दिवसांत कळसूबाईच्या शिड्यांखाली रांग लागते आणि लोणावळ्यात गाड्या जागच्या हलत नाहीत. गर्दीचं एक वेळ सोडा. ऑगस्टात दगडाला शेवाळ असतं, लोखंडी शिडी निसरडी असते, आणि माथ्यावर कित्येकदा इतकं दाट धुकं की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या टोकाशी जाऊनही समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. मुलगा ज्या कड्यासाठी हट्ट धरून बसलाय, तो कडाच त्याला दिसायचा नाही.

धबधब्याचं तर वेगळंच प्रकरण आहे. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या वरच्या बाजूला एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, ते तुम्ही पाहिलं असेल. लोक म्हणतात, बेफिकीर होते. मला तसं म्हणवत नाही. ओढ्याचं पाणी वर कुठेतरी पडलेल्या पावसानं वाढतं. आपण उभे असतो तिथे त्या क्षणी नुसती भुरभुर असू शकते, ऊनसुद्धा असू शकतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढणाऱ्याला मागून येणारा लोंढा दिसत नाही आणि पाण्याच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात प्रवेशबंदी असते ती याच अनुभवातून. तो फलक ओलांडून जाणाऱ्यांच्या मागोमाग आपणही जायचं, असं कृपा करून करू नका.

तेव्हा तारीख पुढे ढकला. सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर पठारं सोनकीनं पिवळी झालेली असतात, तेरडा असतो, ओढे अजून वाहते आणि हवा धुतलेली. एखादी सर येते, पण दिवसभर झोडपत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला दुपारचं ऊन मात्र खरंच पोळतं, म्हणून लवकर निघावं लागतं. नोव्हेंबरात फुलं संपतात, गवत सोनेरी होतं, पहाटे स्वेटर लागतो आणि चालायला सर्वात सुखाचं. मुलीची सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या सुट्टीत मधलेच दोन वार बघा, बुधवार-गुरुवार वगैरे. तुम्हाला आणि यजमानांना दोन रजा टाकाव्या लागतील, पण त्या रजांच्या बदल्यात जी शांतता मिळते ती शनिवार-रविवारी पैसे मोजूनही मिळत नाही.

ज्यांना सुट्टी पावसातच मिळते त्यांच्यासाठीही सांगते, कारण अशी पत्रं बरीच येतात : रुंद मळलेली वाट, मध्ये ओढा ओलांडायला नको, कड्याकडेनं जायला नको, एवढं बघूनच ठिकाण निवडा. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बॅग उघडून ठेवायची, विषय संपला.

दुसरी गोष्ट तुमच्या यजमानांची. त्यांच्याविषयी लिहिताना तुमचा सूर थोडा कावलेला आहे. असो, पण जरा त्यांच्या बाजूनं बघा. गुडघा दुखणारा पन्नाशीतला पुरुष ‘मला भीती वाटते’ असं सहसा म्हणत नाही. तो ‘डोंगर खालूनच छान दिसतो’ असं म्हणतो. जिना उतरताना दुखतो म्हणजे त्यांना उतार त्रास देतो, चढ नाही. आणि डोंगरात चढून गेलेल्याला उतरावं लागतंच. चढताना दम लागतो, थांबलं की तो जातो. उतरताना प्रत्येक पावलाला अंगाचा भार वाटीवर येतो आणि थांबून तो कमी होत नाही. चढ जमला म्हणून हुरूप येतो आणि खरी परीक्षा परतीला होते, हे वीस वर्षांच्या मुलाला ठाऊक नसतं. त्याचे गुडघे अजून नवे आहेत.

म्हणून यजमानांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. तिथे जाऊन ‘चालेल का?’ एवढंच विचारून उपयोग नाही. किती तास चालायचंय, किती चढ आहे, हे नीट सांगून विचारायचं. ते म्हणाले तर तपासण्या करून घ्यायच्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचं प्रमाण वाढतं, आणि उन्हात घाम गाळत चालणाऱ्या माणसाला त्यानं चक्कर येऊ शकते. त्या दिवशी गोळी कधी घ्यायची आणि पाणी किती प्यायचं, हे डॉक्टरच सांगतील. स्वतःच्या मनानं गोळी चुकवायची मात्र नाही.

आता तुमचं ते वाक्य : ‘वेळ पडली तर मी यांच्यासोबत खाली थांबेन.’ कोणी सांगितलं तुम्हाला थांबायला? यजमानांनी तर म्हटलेलं दिसत नाही. ते ५४ वर्षांचे आहेत. चहा कुठे मिळतो हे त्यांना शोधता येईल, तलावाकाठी खुर्ची टाकून चार तास पेपर वाचता येईल, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडेलही. माहुली चढलेल्या बाईनं बॅगा राखत बसायचं आणि मग वर्षभर मनात धुसफुसायचं, यात कोणाचंच भलं नाही. तुम्ही चढणार आहात, हे धरूनच मी पुढचं लिहिते.

तुमच्या घरासाठी मला सगळ्यात योग्य वाटतं ते भंडारदरा. ऐरोलीहून ठाणे, भिवंडी करत जायचं. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यामुळे कसारा घाटातल्या ट्रकच्या मागे रांगत जाणं आता टाळता येतं. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून तुम्ही थेट घाटमाथ्यावर निघता. पुढे घोटीवरून बारी आणि तिथून भंडारदरा. सकाळी सहाला निघालात तर दहाच्या सुमारास मुक्कामी. गाडी नसेल त्यांनी ठाण्याहून कसारा लोकल धरायची आणि स्टेशनबाहेरच्या जीप बघायच्या; आठ-दहा जण असतील तर स्वतंत्र जीप ठरवणं परवडतं.

पहिला दिवस कोणाचाच नाही, सगळ्यांचा आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण बघा, प्रवरेवरचा रंधा धबधबा कठड्याच्या आतूनच बघा, आणि दुपार कलली की जलाशयाच्या कडेकडेनं रतनवाडीला जा. तिथलं अमृतेश्वराचं देऊळ घाईत उरकू नका. देवळाचा दगड हातानं चाचपण्याइतका जवळ आहे, कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीवर आहे, आणि शेजारी बांधीव पुष्करणी. वर रतनगड उभा असतो आणि त्याचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, खालूनही शोधता येतं. मुलीला शोधायला लावा. यजमानांचा ‘डोंगर खालूनच छान दिसतो’ हा दावाही इथे खरा ठरेल, तेवढं श्रेय त्यांना देऊन टाका.

दुसऱ्या दिवशी कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर; मुलाचा ‘हा काय ट्रेक आहे का’ हा प्रश्न बारी गावातूनच मिटतो. वाट मळलेली आहे, चुकण्यासारखी नाही, उभ्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत, आणि वाटेत गावकऱ्यांच्या टपऱ्यांवर लिंबूपाणी मिळतं. नेहमी न चालणाऱ्याला वर जायला तीन-साडेतीन तास आणि उतरायला अडीच-तीन तास धरा. उजाडता उजाडता, म्हणजे सव्वासहाच्या आत, तुम्ही, मुलगा आणि मुलगी बारीतून चालायला लागा. यजमानांना वाटलं तर त्यांनी पहिल्या शिडीपर्यंत यावं. शिडी न चढता तिथूनच परत फिरावं, कारण शिडी उतरणं हे गुडघ्याचं काम आहे. त्यांना परत जाताना सोबत लागेल, तर गावातलाच कोणी माणूस दिवसाचे पैसे ठरवून आदल्या दिवशी सांगून ठेवा. नवरात्रात मात्र तिकडे फिरकू नका. वर देवीचं ठाणं आहे, भाविकांची रीघ असते, आणि ती त्यांची वाट असते.

एक वेळ मनाशी पक्की करा : साडेदहा. साडेदहाला तुम्ही जिथे असाल तिथून परत. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी परत. हे वाचायला सोपं आणि तिथे फार कठीण आहे, म्हणून घरी असतानाच तिघांनी कबूल करायचं आणि मुलाकडून दोनदा वदवून घ्यायचं. त्या वेळेत फिरलात तर दीड वाजता खाली, यजमान ज्या घरी जेवण सांगून बसलेत तिथे. भाकऱ्या किती हव्यात ते आदल्या रात्रीच सांगितलेलं बरं, ऐन वेळी त्या बाईंची धांदल होते.

आणि परतीला गाडी कोणी चालवायची? मुलानं नाही. पहाटे चारला उठून सहा-सात तास डोंगरात घालवलेला माणूस जेवल्यावर स्टिअरिंगवर पेंगतो, मग तो वीस वर्षांचा असो की चाळीसचा. सबंध टोळीत ताजे असणार ते तुमचे यजमान. त्यांनी वर जायचं नाही म्हणजे त्यांना काही काम नाही असं नाही. तुम्हा तिघांना सुखरूप ऐरोलीला आणायचं काम त्यांचं. हे त्यांना आधीच सांगून बघा, ‘मला नको तुमचा डोंगर’ हा सूर जरा बदलेल असं मला वाटतं.

भंडारदरा लांब वाटलं तर राजमाची आहे. उधेवाडी गावात घराघरात उतरायची आणि जेवायची सोय होते. पाऊस ओसरून रस्ता वाळला की लोणावळ्याहून जीप जाते, हाडं खिळखिळी करत का होईना. तोवर मुलगा मित्राला घेऊन कर्जतच्या बाजूनं, कोंदिवड्याहून कोंढाणे लेणी बघत चढून येऊ शकतो. गावातून श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले अर्ध्या-पाऊण तासाचे आहेत, तेव्हा सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक असे दोन्ही होतात. यात यजमानांच्या रिसॉर्टचं मात्र काही खरं नाही. गादी, ब्लँकेट आणि पिठलं-भाकरी एवढंच.

राहिलं माथेरान. तुमचा मुलगा त्याला नाकं मुरडतो, ते त्यानं फक्त बाजारपेठ पाहिलीय म्हणून. वरती गाड्यांना बंदी असलेलं, लाल मातीच्या वाटांचं आणि घनदाट सावलीचं हे गाव आहे. एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर असं दिवसभर चालता येतं, आणि वाट जवळपास सपाट असल्यानं गुडघ्यावर ताण येत नाही. यजमान आणि मुलगी नेरळहून मिनिट्रेननं येतील. १९०७ पासूनची ही गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, फक्त वरची शटल चालते. म्हणून सुरू झालीय का ते बघून निघा. मुलाला चढायचंच असेल तर पेब म्हणजे विकटगडावरून माथेरानला निघणारी वाट आहे, ती शिड्या आणि कड्याकडेची आहे, कोरड्या दिवसांतच आणि वाट माहीत असलेल्या माणसाबरोबरच. तुम्हीही त्याच्याबरोबर जाऊ शकता, पण बऱ्याच वर्षांनी चढताय, तर पहिल्याच खेपेला पेब नको.

हरिश्चंद्रगडाचं काय, हे मुलगा विचारेलच. गडाला माझा विरोध नाही; असला गड दुसरा नाही. केदारेश्वराच्या गुहेतलं ते कंबरभर गार पाणी, पुष्करणी, कोकणकडा, सगळं खरं. पाचनईची वाट सोपी आहे, खिरेश्वरहून तोलारखिंडीची लांब आणि जास्त दमवणारी, आणि नळीची वाट तर सरावाच्या गिर्यारोहकांचीच. पण वर मुक्काम करायचा तर तंबू, रात्रीची थंडी, सकाळच्या विधींची गैरसोय हे सगळं आलं. तुमच्या यजमानांना त्यात ओढून न्यायचं म्हणजे दोन दिवस त्यांचे आणि पुढचे दोन महिने तुमचे वाया. मुलाला म्हणावं, नोव्हेंबर-डिसेंबरात मित्रांबरोबर पाचनईनं जा. मी नाही म्हणत नाही.

फक्त तो कोणत्या ग्रुपबरोबर जातो, याची चौकशी तुम्ही जरूर करा. हल्ली इन्स्टाग्रामवर पोस्टर टाकून पन्नास-साठ पोरं बसमध्ये भरून नेणारे खूप झालेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का विचारा. किती मुलांमागे एक लीडर? प्रथमोपचार शिकलेला कोण? रात्रभर बस चालवून आलेला ड्रायव्हर परतीलाही तोच का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटून चालणारा माणूस कोण? पुढचा लीडर सगळ्यांना दिसतो, त्याचे फोटो येतात. धुक्यात किंवा अंधारात मागे पडलेल्याला गाठणारा तो शेवटचा माणूस ज्या ग्रुपमध्ये ठरलेला नसतो, त्या ग्रुपमध्ये मुलाला पाठवू नका. तुमच्या घरच्या तिघांतही हेच लागू : पुढे मुलगी, मध्ये तुम्ही, मागे मुलगा. त्याला पुढे पळायची सवय असेल. या वेळी मागे राहणं ही त्याची जबाबदारी.

मुलीचे काजवे राहिले. ऑगस्टात काजवे नसतात, ऑक्टोबरातही नसतात. ते मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस लागायच्या आत. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत हिरडा-बेहड्यासारख्या झाडांवर ते एका लयीत उघडझाप करताना दिसतात. तेव्हा तिला पुढच्या जूनचा शब्द द्या आणि तो पाळा. पण जाताना तिला हेही सांगा की लुकलुकणं हे त्यांचं एकमेकांना शोधणं असतं. मोबाईलचा टॉर्च मारला की ते विस्कटतं, आणि झाडाखाली गर्दीनं तुडवलेल्या गवतात मादी आणि अळ्या असतात. रस्त्यावरूनच बघायचं, गाडीचे दिवे बंद करून. या वेळी तिच्यासाठी तारे आहेत. अमावास्येच्या जवळची रात्र कोणती येते ते तिनंच कॅलेंडरमध्ये बघावं आणि तारीख तिनं ठरवावी. घरातल्या चर्चेत तिच्या मताला एवढं वजन मिळालं तर ती बहुधा सकाळी उठेलही.

आता तयारी. निघायच्या तीन-चार आठवडे आधीपासून आठवड्यातून चार दिवस बिल्डिंगचे जिने चढा-उतरा. लिफ्टनं वर जाऊन नुसतं उतरणंही करा, कारण मांडीचे पुढचे स्नायू उतरण्यानंच तयार होतात. नंतर एका रविवारी कर्नाळ्याला रंगीत तालीम करा. पनवेलच्या पुढे, गोवा महामार्गालाच लागून अभयारण्याचं फाटक आहे. सावलीतली चढण, तासा-दीड तासात किल्ल्याच्या सुळक्याशी, आणि दुपारच्या जेवणाला घरी. यजमानांनाही घेऊन जा. सपाट भागातल्या पायवाटा आणि पक्षी त्यांना पुरतील. संध्याकाळी घरी आल्यावर कोणाचं काय दुखतंय, यावरून कळसूबाईचं ठरवा. तुमच्या गुडघ्यानं तक्रार केली तर कळसूबाई पुढच्या वर्षी, त्यात कमीपणा काही नाही.

बूट नवे घेणार असाल तर आत्ता घ्या आणि तालमीत वापरा. ट्रेकच्या दिवशी कोरे बूट म्हणजे टाचेला फोड नक्की. महागाचे लागत नाहीत, तळाला खोल खाचा हव्यात. दोन गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून सांगते : आदल्या दिवशी पायाची नखं कापा, आणि उतरायला लागण्यापूर्वी थांबून लेस सोडून घोट्यापाशी पुन्हा घट्ट आवळा. नाहीतर उतारभर अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि दोन दिवसांनी नख काळंनिळं होतं. हातात काठी घ्या, तुम्हीसुद्धा. काठीला लाजणारे लोक उतरताना दुसऱ्याचा हात मागतात.

पाणी माणशी तीन लिटर, आणि ज्याचं त्यानं उचलायचं. एका लिटरमध्ये चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचाच अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळायचं. यजमानांनी मात्र मिठाचं डॉक्टरांना विचारून. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, काकडी. वेफर्सची पाकिटं नकोत, ती हवेनं फुगलेली जागा खातात आणि रिकामी पाकिटं वाऱ्यानं दरीत जातात. टॉर्च प्रत्येकाला वेगळा. मोबाईलचा धरू नका, रेंज शोधण्यातच त्याची बॅटरी संपलेली असते. अत्तर, परफ्यूम लावू नका आणि कपारीत मोहोळ दिसलं तर धूर, आरडाओरडा काही नको, गुपचूप पुढे व्हा. गवतात आणि दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. आपल्या भागात फुरसं असतं. साप चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला भाग हलू न देता उचलून खाली आणायचं, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय. रेंज गेली तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असलं तर लागतो.

तुमचे ठाण्याचे दीर-जाऊ ‘आम्हीपण येतो’ म्हणतील, हे पत्रात नाही पण मी गृहीत धरते. येऊ द्या. सहा-सात माणसांपर्यंत हे गणित बसतं. त्यापुढे सहाचे आठ वाजतात आणि उन्हात चढावं लागतं. लहान मूल असेल तर ते यजमानांच्या पार्टीत.

क्रम असा ठेवा : आधी डॉक्टर, मग कर्नाळा, मग तारीख, खोली सर्वात शेवटी. खोलीचे पैसे आधी भरले की ‘आता भरलेत ना पैसे’ म्हणून माणसं गुडघा सुजलेला असताना आणि इशारा लागलेला असतानाही निघतात. आणि बुकिंग करताना, हवामानामुळे रद्द केलं तर पैसे परत की तारीख बदलून, हे फोनवर विचारून थांबू नका. मेसेजवर लिहून घ्या.